कधी देता?

माझ्या दुकानाला नाव नव्हतं. पाटीवर नुसतं ‘लेडीज टेलर’ एवढंच रंगवलेलं होतं, आणि त्यातलाही शेवटचा ‘र’ उन्हानं उडून गेला, त्यामुळं बरीच वर्षं मी ‘लेडीज टेल’ होते. पेंटरला सांगायला सवडच झाली नाही. पण सवड नसण्याचं मला तेव्हा मोठं कौतुक वाटायचं. माझं माहेर नारायणगावचं, सासर कळंबचं आणि दुकान मंचरच्या बाजारपेठेत. सकाळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायचं, संध्याकाळी तसंच परत जायचं. जीपमध्येही शेजारची बाई पाठीत पोक काढून बसली असली की मला वाटायचं, हिचा ब्लाउज खांद्याला नक्की उतरत असणार.

ज्यांनी कधी ब्लाउज शिवला नाही त्यांना हे काम सोपं वाटतं. मीटरभर कापड, दोन बाह्या, एक गळा, पाच-सहा हुक. पण कापडाचा प्रश्न कधीच नसतो, प्रश्न मापाचा असतो. बाई घरून एक जुना ब्लाउज आणते आणि म्हणते, अगदी असाच शिवा. मग पुढं सुरू होते. फक्त खांदा जरा वर घ्या, बाही दोन बोटं मोठी, गळा मागून खोल, आणि काखेत काचतो तेवढं बघा. म्हणजे हुकपट्टी सोडली तर त्या ब्लाउजातलं काहीही ‘अगदी असंच’ ठेवायचं नसतं. हे सगळं हसतमुखानं ऐकायचं, त्यातलं कुठलं ऐकायचं आणि कुठलं सोडून द्यायचं ते मनात ठरवायचं, आणि शेवटी बाई आरशापुढं उभी राहून ‘बरा झालाय’ म्हणाली पाहिजे. ‘बरा’ म्हणजे फार छान. त्याहून जास्त कौतुक आमच्याकडं कुणी करत नाही.

गिऱ्हाईकंही एकेक होती. एक बाई मुलाच्या लग्नाच्या चार महिने आधी आल्या आणि म्हणाल्या, “मी बारीक होणार आहे, तर आताच बारीक मापाचा शिवून ठेवा.” मी शिवला. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या आल्या, ब्लाउज काही बसेना, आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी डाएट मोडलं. दुसरी एक टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेचा गळा दाखवायला मला थेट आपल्या घरी घेऊन गेली. मालिका सुरू झाली, अर्धा तास संपला, पण त्या दिवशी सून सगळा वेळ शाल पांघरून आजारी पडलेली. मी चहा पिऊन परत आले.

असं सगळं मजेत चाललं होतं असं मला वाटायचं. दुकान चांगलं चालायचं, म्हणून मी आणखी काम घ्यायचे. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आणि लग्नसराई म्हणजे नवरी, नवरीच्या बहिणी, मावश्या, करवल्या, सगळ्यांचं सगळं एकाच आठवड्यात. घरी गेल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि मांडीवर हुक लावायचे ब्लाउज. मुलगा तेव्हा दुसरीत होता. तो पाढे म्हणायचा आणि मी दोऱ्याला गाठ मारता मारता हूं हूं करायचे. एकदा त्यानं मुद्दाम सात सक बेचाळीसच्या जागी सात सक पेरू म्हटलं. मी हूं म्हणाले.

लक्षणं आधीपासून होती, पण ती लक्षणं आहेत हे कुणाला कळणार. कीर्तनाला बसले तर बुवांची कॉलर वाकडी दिसायची आणि पुढचं काही ऐकू यायचं नाही. मानेत सतत कळ. सकाळी उठल्यावरही आदल्या संध्याकाळइतकीच दमलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘कधी देता?’ हे दोन शब्द. दुकानात येणारी प्रत्येक बाई आधी हेच विचारते, त्यात तिची काही चूक नाही. पण त्या वर्षी ते शब्द ऐकले की मी बाईकडं न बघता कात्री शोधायला लागायचे, आणि ती हातातच असायची. घरी सासूबाईंनी ‘जेवायला कधी देतेस?’ म्हटलं, तर मी ताटच आपटलं. त्या बिचाऱ्यांनी स्वतः वाढून घेतलं.

मग तो दिवस आला. घोडेगावकडच्या सुलोचनाबाई त्यांच्या मुलीच्या शालूचा ब्लाउजपीस घेऊन आल्या होत्या. लग्न चार दिवसांवर. त्या म्हणाल्या, “कापा तुम्ही, मी बसते इथंच.” मी कापड पसरलं, खडूनं खुणा केल्या, कात्री हातात घेतली. आणि मला कळेना, की आता पुढं काय करायचं असतं. हात थरथरत नव्हते, चक्कर नव्हती, काही नव्हतं. हजारो ब्लाउज कापलेले, आणि त्या खुणांकडं मी परक्या लिपीकडं बघावं तशी बघत होते.

“काय झालं हो?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“काही नाही. तुम्ही बसा, मी आलेच,” असं म्हणून मी कात्री खाली ठेवली, चपला घातल्या आणि एसटी स्टँडवर जाऊन बसले. का स्टँडवरच, ते विचारू नका. तिथं बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, एवढं मात्र खरं. पेरूवाल्याकडून तिखटमीठ लावलेला पेरू घेतला, तो खाल्ला, मग दुसरा घेतला. जुन्नरची गाडी लागली, गेली. भीमाशंकरची लागली, गेली. मला फार बरं वाटत होतं, आणि तेच मला भीतीदायक वाटत होतं.

माझे यजमान डेअरीत नोकरीला होते. त्यांना कुणीतरी निरोप दिला आणि ते दुकानाला कुलूप लावून एम-एटी मोपेडवरून आले. माझ्या शेजारी बसले. थोडा वेळ त्यांनीही गाड्या बघितल्या.

“घरी चल,” ते म्हणाले.

“मला दुकानात जायचं नाही,” मी म्हणाले.

“मी घरी म्हणालो.”

मग मी रडले. भर स्टँडवर, पेरूची फोड हातात घेऊन.

आता याला बर्नआउट असं नाव आहे, मुलं सहज बोलतात. तेव्हा आमच्याकडं तो शब्द पोचला नव्हता. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, गोळ्या घ्या. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. शेजारीण म्हणाली दुसरं मूल होऊ द्या, सगळं ठीक होतं. मी गोळ्या घेतल्या, दृष्ट काढून घेतली, तिसऱ्या उपायाला नकार दिला. आणि कपाटाकडं तोंड करून पडून राहिले.

राहिला प्रश्न दुकानातल्या गाठोड्यांचा. लोकांचं लग्नाचं कापड माझ्या फळीवर पडून होतं. माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं दगडू मास्तरांचं दुकान होतं. ते जेंट्स टेलर, शाळेचे गणवेश आणि पँटी शिवायचे. आमचं बोलणं फारसं नव्हतं. खरं सांगायचं तर थोडी चढाओढच होती, कारण एके काळी तेही ब्लाउज शिवायचे आणि मी आल्यावर त्यांची बायकांची गिऱ्हाइकी माझ्याकडं वळली होती. पण मी निघून गेल्यावर सुलोचनाबाई रस्त्यात उभ्या राहून ओरडत होत्या, ते मास्तरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते आपले कळंबला आमच्या दारात.

“ताईस्नी उठवू नका,” ते यजमानांना म्हणाले, “मला निस्ती दुकानाची किल्ली द्या. लग्नाची कापडं हायेत, लोकांचा खोळंबा व्हतो.”

आणि त्यांनी ती सगळी गाठोडी नेली आणि शिवून दिली. मला सांगायला हवं की एव्हाना हात पँटीवर बसल्यामुळं मास्तरांनी ते ब्लाउज पँटीच्याच पद्धतीनं शिवले. दुहेरी टीप, जाड दोरा. त्यातला एखादा आजही माझ्याकडं सैल करायला येतो आणि शिवण उसवता उसवता ब्लेड मोडतं. पण एकही लग्न अडलं नाही.

माझी नणंद सुमन डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर शाळेत शिक्षिका होती. आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहायची, शनिवारी कळंबला यायची. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, “वहिनी, माझ्याबरोबर चला. तिथं वीज धड नाही, फोन नाही, आणि मुख्य म्हणजे शिलाई मशीन नाही.”

“मुलाचं काय?” मी म्हणाले.

“त्याला आई आहे की,” सुमन म्हणाली. तिची आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी मान डोलावली. मुलगा म्हणाला, “पाढे आजी ऐकते.” ते मला लागलं, पण मी गेले.

पहिले बरेच दिवस मी झोपले, याशिवाय सांगण्यासारखं काही नाही. शाळेच्या ओट्यावर ऊन पडायचं, आत मुलं कविता म्हणायची आणि मी बाहेर गोधडीवर आडवी. सुमननं वाडीत सांगून ठेवलं होतं की वहिनींना बरं नाही, हवापालटाला आल्यात. मी काय काम करते ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वाडीवर मला कुणीही ‘कधी देता’ म्हणणारं नव्हतं, आणि हळूहळू मानेतली कळ गेली. भूक लागायला लागली. नाचणीची भाकरी, वरणाला लसणाची फोडणी. एके दिवशी मी सुमनला म्हणाले, “मला कंटाळा आलाय.” ती एवढी खूश झाली की तिनं त्या दिवशी शिरा केला.

सुमनची घरमालकीण ठकूबाई. वय झालेलं, पण जिभेला आणि हातांना विश्रांती नाही. भाताची झोडणी चालली होती, खळ्यावर तांबूस दाण्यांची रास पडलेली. ठकूबाईला वाटलं, ही बाई नुसती ऊन खात बसलीय, हिला कामाला लावावं. तिच्या मुलाची पाठ धरली होती आणि गावातला टेम्पो दुपारी गिरणीवर जाणार होता.

“बाय, तुला दाभण धरता येतं का?” तिनं विचारलं.

दाभण म्हणजे पोती शिवायची मोठी सुई. तिच्यात सुतळी ओवायची. मी घाबरले. शेवटी सुईच ती. पण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी दाभण हातात घेतलं आणि भरलेल्या पोत्याचं तोंड शिवायला बसले. हात आपोआप चालायला लागले. कडा दुमडल्या, सारख्या अंतरावर टाके घेतले, एक टाका वाकडा गेला म्हणून उसवला आणि पुन्हा घातला. ठकूबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

“अगं बाय,” ती म्हणाली, “त्यात भात जायाचाय. नवरी न्हाई जायाची.”

मी हसायला लागले. सुरुवातीला थोडं, मग थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पोत्यावर डोकं टेकून हसत होते. ठकूबाईनं सुमनला हाक मारली, “मास्तरीण, तुझी भावजय येडी झाली गं.” सुमन धावत आली, तिनं मला बघितलं आणि तीही हसायला लागली. गेल्या कित्येक महिन्यांत मी हसले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मग मी खळ्यावरची सगळी पोती शिवली. मोठे मोठे टाके, वाकडे तिकडे, झपाझप. पोत्याला गळा नसतो. पोतं आरशापुढं उभं राहत नाही. टेम्पो आला, पोती चढली, आणि टेम्पोवाला ‘चला’ म्हणून निघून गेला. कुणी बरी झालीत म्हणालं नाही, कुणी वाईट झालीत म्हणालं नाही.

ठकूबाईला अर्थातच कळलं होतं. “तू शिवनारी हाईस,” ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. त्यानंतर वाडीतल्या बायका फाटकी लुगडी आणि गोधड्या घेऊन दुपारी उन्हात बसायला लागल्या आणि मला त्यांच्यात ओढून घेतलं. गोधडी शिवताना सगळ्या जणी चार बाजूंनी बसतात, बोलत राहतात, आणि गोधडी कधी पूर्ण व्हायची ते कुणीच विचारत नाही. ती थंडी संपेपर्यंत व्हावी एवढीच अपेक्षा. तिथं बसून मला एक गोष्ट उमगली. मला शिवणाचा वीट आला नव्हता. मला तारखेचा वीट आला होता.

संक्रांत झाल्यावर मी परत आले. आता या ठिकाणी मी बरी झाले आणि दुकान धडाक्यात सुरू झालं असं लिहायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. पहिल्याच दिवशी शटर वर केलं, मशीन पुसलं, तेल घातलं, आणि एक ओळखीची बाई आत आली. “आलात होय? बरं झालं. हे चार ब्लाउज. कधी देता?”  मी म्हणाले उद्या सांगते, आणि ती गेल्यावर शटर खाली ओढून घेतलं. दुकान उघडून तासही झाला नव्हता.

शटर ओढताना मास्तर समोरून बघत होते. ते रस्ता ओलांडून आले.

“ताई, एक इचारू का? तुमाला काय झालं व्हतं?”

मी सांगितलं. कात्री, खुणा, स्टँड, सगळं. एवढं मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. मास्तर खाली पायरीवर बसले.

“मलाबी झालं व्हतं,” ते म्हणाले. “लई वर्सं झाली. जून महिना, शाळंचे गणवेश. निळ्या चड्ड्या शिवून शिवून मला सगळं निळं दिसाया लागलं. मी भावाकडं ओतूरला गेलो आन् तितं म्हशी राखल्या. पावसाळा सगळा.”

“मग लोक काय म्हणाले?”

“लोक काय म्हननार? गडी मानूस घर सोडून गेला म्हंजी दारू पितो, आसं म्हनले. मी जल्मात प्यालो न्हाई. पर म्हटलं, म्हनू द्या. म्हशीबरबर लई बरं वाटतंय असं सांगितलं आसतं तर कुनाला पटलं आसतं?”

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. एका वेळी एकच काम घ्यायचं. ते दिल्यावर दुसरं. फळीवर गाठोडं दिसता कामा नये, कारण जीव शिवण्यानं जात नाही, फळीकडं बघून जातो. “गिऱ्हाईक जाईल,” मी म्हणाले. “जाऊंद्या की,” ते म्हणाले, “माज्याकडं यील. आन् तुमच्या त्या बायका तेवढ्या परत न्या वो. लई बोलत्यात. मापाचा ब्लाउज आनत्यात आन् त्यातलं काईच तसं नको म्हनत्यात.”

तो सबंध उन्हाळा मी एकेक ब्लाउज शिवत काढला. लग्नाची कामं घेतली नाहीत. मंगळवारी दुकान बंद ठेवायला लागले. काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. सुलोचनाबाई तर पुढं कधीही बाजारात दिसल्या की तोंड फिरवून जायच्या. त्यांच्या मुलीनं मास्तरांनी शिवलेला ब्लाउज घालून लग्न केलं, आणि फोटोत म्हणे बाह्या शर्टासारख्या दिसतात. त्यांचा राग मला कळतो. तो ब्लाउज मला शिवायचा होता, अजूनही वाटतं. मुलीचा चेहरा गोल होता, तिला पानाच्या आकाराचा गळा शोभला असता.

पुढं काही वर्षांनी मी पुन्हा भरपूर काम करायला लागले, पण तारीख मी सांगायची, गिऱ्हाइकानं नाही, एवढा नियम ठेवला. आणि त्या आजाराचा एक फायदा झाला. तो दुसऱ्यात ओळखू यायला लागला.

अवसरी खुर्दला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज झाल्यावर तिथल्या मुली मंचरला कपडे शिवायला यायला लागल्या. पंजाबी ड्रेस, गॅदरिंगचे घागरे. त्यांच्यात लातूरकडची कीर्ती नावाची एक मुलगी होती. ती एक निळा कुर्ता घेऊन आली, म्हणाली, “काकू, सैल होतोय, आत घ्या.” मी घेतला. महिन्याभरानं तोच कुर्ता, पुन्हा आत घ्या. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी टेप तिच्या छातीभोवती फिरवली आणि टेप तशीच धरून थांबले.

“जेवतेस का गं?” मी विचारलं.

“परीक्षा आहे ना काकू.”

“अभ्यास होतो का?”

ती आरशाकडं बघत म्हणाली, “पुस्तक उघडते. ओळी नुसत्या दिसतात. रात्रंदिवस बसते, पण काही आत जात नाही. वर्गात पहिली यायचे मी.” हे तिनं इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला तिला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. स्टूल पुढं सरकवलं, चहा मागवला आणि तिला माझी स्टँडवरची गोष्ट सांगितली, पेरूसकट. ती ऐकत होती. पोत्यांशी पोचले तेव्हा ती थोडी हसली.

“मग परत बरं वाटतं का, काकू?”

“वाटतं. पण लगेच नाही. आणि इथं बसून नाही.”

तिनं माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला, आणि बोलता येईना म्हणून मोबाइल माझ्या हातात दिला. ते दोन दिवसांनी आले. शांत गृहस्थ, तिकडच्या एका शाळेत क्लार्क होते. मुलीची हाडं बघून त्यांचा चेहरा उतरला, पण तरी म्हणाले, “ताई, शेवटचं वर्ष आहे. वर्ष वाया जाईल.”

“जाऊ द्या,” मी म्हणाले. “पुढच्या वर्षी पुन्हा तेच वर्ष येतं. मुलीचं तसं नाही.”

त्यांनी बॅग उचलली आणि तिला घेऊन गेले. त्यानंतर मला काही कळलं नाही. मधेमधे वाटायचं, आपण उगाच मधे पडलो का, पोरीचं शिक्षण आपल्यामुळं तर सुटलं नाही ना. कॉलेजच्या बाकीच्या मुलींना विचारायचा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षीचं कॉलेज सुरू झालं, पाऊस उघडला, गणपती आले. एका दुपारी दुकानात कुणीतरी उभं राहिलं. गाल भरलेले, केस नीट बांधलेले, खांद्याला कॉलेजची सॅक, मी ओळखलंच नाही. तिनं पिशवीतून तो निळा कुर्ता काढला.

“काकू, आता हा होत नाही. पुन्हा सैल होईल का? नाहीतर राहू दे, तुम्ही तीनदा आत घेतलाय.”

मी कुर्ता उलटा केला आणि तिला आतली शिवण दाखवली. आमच्या कामात कपडा आत घेताना जास्तीचं कापड कापून टाकायची पद्धत आहे, म्हणजे आतून टोचत नाही आणि सफाईदार दिसतो. हिचं मी एकदाही कापलं नव्हतं. तिन्ही वेळचं कापड आत दुमडलेलं तसंच होतं.

“बस,” मी म्हणाले, आणि उसवायला घेतला.